शंभर ग्रॅम

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी पावडरी तोलल्या.
काचेच्या पेटीतला तराजू,
त्याच्यापुढे श्वास रोखून बसायचं
दशांशानंतरचा चौथा आकडा
थरथरायचा थांबेपर्यंत.
कारखाना गेला. तिथं आता सगळीच इमारत काचेची,
आत काय तोलतात, ठाऊक नाही.

मी कोपरखैरण्यात, ओट्यावर,
मंदाकिनीच्या काट्यावर
रताळं तोलतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
बटाटा बंद, मोरेश्वरराव. साबुदाण्याचं तर नाव नको.
रताळं चालेल.
शंभर ग्रॅम, उकडून,
भातासोबत नाही, भाताऐवजी.
दोन वर्षांत त्यांच्या तोंडून
'चालेल' पहिल्यांदाच ऐकलं.
घडी घालून खिशात ठेवलं.

घणसोलीला पुलाखाली बुधी हिलम बसते,
गोणपाटावर करांदे, कोनफळ,
आणि तांबडी रताळी, अंगावर माती तशीच.
मी तिला सांगत बसलो:
यात तंतू असतात, पोट साफ राहतं,
साखर रक्तात एकदम कोसळत नाही,
कठडा धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी
एकेक पायरी येते,
रक्तदाबाला बरं,
गर केशरी निघाला तर डोळ्यांनाही.
बुधी नखानं एका रताळ्याची ढेप खरवडत होती.
'येवढं सगळं हाय त्यात?'
आणि माझ्या तोंडाकडे बघून,
'मंग भाव वाढवाय पायजे.'

पाव किलो घेतली. उठताना म्हणाली,
साल काढू नको. सालीखालीच हाय काय ते.
डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं,
पण वहीत लिहायचं राहून गेलं होतं.

शिवरात्रीला मंदाकिनीनं स्वतःपुरते काप केले.
तूप, गूळ, वर वेलची.
कढईतून येणारा तो वास
सेक्टर पंधराच्या तिसऱ्या मजल्यावरून
थेट माझ्या लहानपणात जाऊन परत आला.
'एकादशी अन् दुप्पट खाशी,' मी पुटपुटलो.
'आज एकादशी नाही,' ती म्हणाली
आणि आणखी एक काप घेतला.

माझ्या ताटलीत उकडलेलं, गार झालेलं,
मिठाची कणी, लिंबाचे दोन थेंब.
काटा एकशे बारा दाखवत होता.
बारा ग्रॅम कापून बाजूला ठेवलं,
कारखान्यात ठेवायचो तसं, नोंद करून.
मग ते ओट्यापाशी उभ्यानंच खाल्लं.
उभ्यानं खाल्लेलं
कुठल्याच वहीत धरत नाहीत.

दोन तासांनी बोट टोचलं.
यंत्र विचार करतं तेवढ्या पाच सेकंदांत
माझा श्वास आपोआप थांबला,
जुनी सवय.
एकशे एकोणचाळीस.
मी कुणाला सांगितलं नाही,
फक्त बाहेर जाऊन गॅलरीतली कुंडी
विनाकारण इकडची तिकडे केली.

आणि तिथं, फडताळामागे,
पाव किलोतलं एक घरंगळलेलं सापडलं.
सुरकुतलेलं, हलकं झालेलं,
आणि एका टोकाला जांभळे कोंब, बोटभर.
काट्यावर ठेवलं नाही.
पाण्याच्या पेल्यात उभं केलं.
महिन्याभरात वेल ग्रीलमधून बाहेर,
खालच्या सावंतांच्या वाळत घातलेल्या टॉवेलपर्यंत.

चार वीत वेल कापून
ओल्या फडक्यात गुंडाळून बुधीकडे नेला.
तिनं तो उलटासुलटा केला, पेरं मोजली,
हसली, दात नाहीत तिथूनसुद्धा.
'आता कुठं लावू? उन्हात मरंल.
ज्येष्ठात आण.'

ज्येष्ठाला तीन महिने आहेत.
तोवर वेल माझ्याकडेच.
रोज सकाळी पाणी बदलतो,
सावंतांचा टॉवेल सोडवतो,
आणि एवढंच रताळं
न तोलता बघत बसतो.